जीपीएसच्या कोट्यवधी नोंदी पोस्टग्रेसमध्ये कशा साठवाव्यात

गाडीत बसवलेलं जीपीएस डिव्हाइस दर दहा सेकंदांनी एक ठिपका पाठवत असेल, तर एका गाडीचे दिवसाला ८,६४० ठिपके होतात. अशा हजार गाड्या धरा, मग त्या शाळेच्या बस असोत, दुधाचे टँकर असोत की मालट्रक. रोजच्या ८६ लाख ४० हजार नोंदी झाल्या आणि वर्षाच्या ३१५ कोटी. पहिले काही महिने कोणताही डेटाबेस हे निमूट सोसतो. मग 'कालचा प्रवास दाखवा' या बटणाला अर्धा मिनिट लागायला लागतं. तेव्हा कोणी रॅम वाढवतं, कोणी डिस्क बदलतं, तर कोणी सरळ दुसऱ्याच प्रकारच्या डेटाबेसकडे वळतं.

माझं ठाम मत आहे की एवढ्या कामाला पोस्टग्रेससारखा (PostgreSQL) रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांमध्ये ठेवणारा, डेटाबेस पुरून उरतो. त्यासाठी नोंद आटोपशीर ठेवावी लागते, आणि ज्या नोंदी एकत्र वाचल्या जाणार आहेत त्या डिस्कवरही एकमेकींच्या शेजारी ठेवाव्या लागतात. आटोपशीरपणाबद्दल सगळे बोलतात. शेजाराकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही, आणि खरा वेळ तिथेच जातो.

## आधी प्रश्न लिहून काढा

टेबल बनवण्याआधी कागदावर लिहा की हा डेटा कोण, कधी आणि कशासाठी वाचणार आहे. वाहन ट्रॅकिंगमध्ये प्रश्न साधारण चारच असतात. गाडी आत्ता कुठे आहे? तिचा कालचा मार्ग काय होता? महिन्याभरात किलोमीटर किती झाले, थांबे किती, वेगमर्यादा किती वेळा ओलांडली? आणि अमुक ठिकाणी अमुक वेळी कोणकोणत्या गाड्या होत्या?

पहिला प्रश्न दिवसभर दर काही सेकंदांनी विचारला जातो, पण त्याला इतिहास लागतच नाही. दुसऱ्याला एकाच गाडीच्या सलग नोंदी हव्या असतात. तिसऱ्याचा हिशोब रोज रात्री एकदा करून ठेवला की मूळ नोंदींना पुन्हा हात लावायचं कारण उरत नाही. चौथा क्वचित येतो, पण अपघात किंवा चोरी झाल्यावर नेमकं त्याचंच उत्तर तातडीनं हवं असतं. या चारही प्रश्नांचा भार एकाच टेबलावर टाकला की त्यावर पाच-सहा इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधून देणाऱ्या सूची, चढतात आणि प्रत्येक नव्या नोंदीसोबत ते सगळे भरावे लागतात. म्हणून पुढची मांडणी प्रत्येक प्रश्नाची सोय वेगळी करते.

## डिव्हाइसकडून काय येतं ते नीट वाचा

बरीच डिव्हाइस एनएमईए ०१८३ या जुन्या मानकाच्या रूपात माहिती देतात. त्यात अक्षांश सरळ दशांशात नसतो, अंश आणि मिनिटं जोडून लिहिलेली असतात. पुण्याचा अक्षांश १८३१.२२४ असा येतो. त्यातले पहिले दोन अंक अंश आणि उरलेली ३१.२२४ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागून अंशात मिळवायचं, म्हणजे १८.५२०४ होतात. हा भागाकार राहून गेला आणि नुसता दशांशबिंदू सरकवला, तर ठिपका सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला जातो. रेखांशातही तसंच झालं तर ३६ किलोमीटर पश्चिमेला. पुण्यातली गाडी पानशेतच्याही पलीकडे, सह्याद्रीच्या कड्यांजवळ दिसते. ठिपका महाराष्ट्रातच पडत असल्यानं कोणाला लगेच शंका येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी ओळखीच्या जागेवर उभ्या असलेल्या गाडीचा ठिपका नकाशाशी ताडून पाहा. याच मानकात वेग नॉटमध्ये असतो; १.८५२ ने गुणल्यावर ताशी किलोमीटर मिळतात.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल ही दुसरी नेहमीची गडबड, आणि आपल्या देशात ती पकडणं फार सोपं आहे. भारताचे अक्षांश ६ ते ३८ च्या आत आणि रेखांश ६८ ते ९८ च्या आत बसतात. दोन पट्टे कुठेही एकमेकांवर येत नाहीत, त्यामुळे या मर्यादांची एक तपासणी घातली की उलटा आलेला प्रत्येक ठिपका अडतो. सिग्नल नसताना काही डिव्हाइस शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश पाठवतात, तेही त्याच चाळणीत सापडतात.

तारखेवर आंधळा विश्वास ठेवू नका. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांचा आहे, म्हणून तो दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये असं झालं. जुनं फर्मवेअर, म्हणजे आतलं अंगभूत सॉफ्टवेअर, असलेली डिव्हाइस त्यानंतर जवळपास वीस वर्षं मागची तारीख पाठवू लागतात. फरक नेमका ७,१६८ दिवसांचा असेल तर तेवढे दिवस मिळवून तारीख दुरुस्त करता येते. बाकीच्या विचित्र तारखा, म्हणजे सर्व्हरच्या घड्याळापेक्षा काही मिनिटांहून पुढच्या किंवा महिन्याहून मागच्या, वेगळ्या 'संशयित' टेबलात टाका. त्या मुख्य टेबलात शिरल्या की पुढचे सगळे अहवाल बिघडतात.

नोंदी क्रमानं येतील असंही गृहीत धरू नका. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-एच नुसार ट्रॅकिंग डिव्हाइस आणि इमर्जन्सी बटण लागतं, आणि त्या डिव्हाइसचं मानक एआयएस-१४० आहे. नेटवर्क नसताना नोंदी स्वतःकडे साठवून नंतर पाठवणं हे या डिव्हाइसचं कामच आहे. वरंध घाटातून आलेली बस खाली उतरल्यावर तासाभराचे ठिपके एकदम ओतते. पोच मिळाली नाही तर तेच ठिपके पुन्हाही पाठवते. उशिरा आलेल्या आणि दुबार आलेल्या नोंदी हा इथला रोजचा व्यवहार समजूनच टेबल आखायचं.

## नोंदीचा आकार बाइटमध्ये मोजा

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक नोंदीला २३ बाइटचं शीर्षक असतं, ते २४ पर्यंत वाढवलं जातं. शिवाय पानावर, म्हणजे डिस्कवरच्या ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात नोंदी ठेवल्या जातात त्यावर, त्या नोंदीकडे बोट दाखवणारे ४ बाइट लागतात. म्हणजे एकही कॉलम न भरता २८ बाइट खर्च झाले. त्यामुळे आतला माल जपूनच भरायला हवा.

अक्षांश आणि रेखांश साध्या इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकात, साठवा, १ कोटीनं गुणून. १८.५२०४ चे १८,५२,०४,००० होतात. रेखांशाची सर्वांत मोठी किंमत १८० कोटी, आणि चार बाइटच्या इंटिजरची मर्यादा २१४ कोटींच्या वर आहे, म्हणजे सगळी पृथ्वी त्यात मावते. शेवटच्या अंकाची किंमत जमिनीवर सुमारे एक सेंटिमीटर. ओपनस्ट्रीटमॅपचा मुख्य डेटाबेसही आपले बिंदू याच पद्धतीनं ठेवतो. दशांश संख्यांचा चार बाइटचा 'रिअल' प्रकार वापरला तर तेवढ्याच जागेत महाराष्ट्राच्या रेखांशावर दोन किमतींमधलं अंतर सुमारे ८० सेंटिमीटर पडतं, म्हणजे जागा तीच आणि अचूकता कितीतरी कमी. 'डबल प्रिसिजन' दुप्पट जागा घेतो. पोस्टग्रेसला नकाशाची कामं शिकवणाऱ्या पोस्टजीआयएस या एक्स्टेंशनचा (जोड-सॉफ्टवेअरचा) जिऑमेट्री प्रकारातला एक बिंदू ३२ बाइटच्या आसपास जातो. तो सोयीचा आहे, पण प्रत्येक कच्च्या ठिपक्यासाठी तेवढी किंमत मोजायचं कारण नाही.

मी सुचवतो ती नोंद अशी, याच क्रमानं:

- डिव्हाइसनं दिलेली वेळ, टाइम झोनसह टाइमस्टँप: ८ बाइट
- डिव्हाइस क्रमांक, इंटिजर: ४
- अक्षांश गुणिले १ कोटी, इंटिजर: ४
- रेखांश गुणिले १ कोटी, इंटिजर: ४
- सर्व्हरला पोचायला लागलेला उशीर सेकंदांत, इंटिजर: ४
- वेग ताशी किलोमीटरच्या दहाव्या भागात, स्मॉलइंट (दोन बाइटचा पूर्णांक): २
- दिशा अंशांत, स्मॉलइंट: २
- उंची मीटरमध्ये, स्मॉलइंट: २
- इग्निशन, वीजपुरवठा, इमर्जन्सी बटण, सिग्नलची स्थिती असे होय-नाही बिट, स्मॉलइंट: २

एकूण बरोबर ३२ बाइट. शीर्षकासह ६०. क्रमाला इथे महत्त्व आहे, कारण आठ बाइटची किंमत आठच्या पटीतल्या जागेवरच सुरू होते. स्मॉलइंट आधी आणि वेळ नंतर लिहिली तर मधले सहा बाइट फुकट जातात. म्हणून मोठे कॉलम आधी, छोटे नंतर. सर्व कॉलम 'नॉट नल' ठेवा, म्हणजे रिकामे राहू देऊ नका. नऊ कॉलमच्या टेबलात एक जरी किंमत रिकामी राहिली, तरी रिकाम्या जागांची यादी ठेवायला शीर्षक २४ वरून ३२ बाइटवर जातं. उंची मिळाली नसेल तर ठरवलेली एखादी अशक्य किंमत लिहा, उदाहरणार्थ उणे ३२,०००, आणि ती कागदपत्रात नोंदवून ठेवा.

या हिशोबानं हजार गाड्यांचा दिवस ५१८ एमबीत आणि वर्ष १८९ जीबीत बसतं, इंडेक्स धरून पावणेतीनशे ते तीनशे जीबी. गाडीचा क्रमांक मजकुरात, जिऑमेट्री, पत्ता, वेगळा आपोआप वाढणारा आयडी आणि सवयीनं घातलेले तीन-चार इंडेक्स अशी नेहमीची रचना सहज ३०० बाइटवर जाते, म्हणजे वर्षाला टेराबाइटच्या जवळ.

पत्ता प्रत्येक ठिपक्याला शोधू नका. गाडी थांबते तिथेच शोधा आणि थांब्यांच्या टेबलात ठेवा. डिव्हाइसचा मूळ संदेश जेसनच्या कॉलममध्ये कोंबण्याचा मोह खूप होतो, पण त्यात 'लॅटिट्यूड', 'स्पीड' ही नावं प्रत्येक नोंदीत पुन्हा लिहिली जातात. वादाच्या वेळी मूळ संदेश लागतो हे खरं, म्हणून तो दाबून फाइलमध्ये ठेवा आणि ठरावीक दिवसांनी काढून टाका.

## गाडी आणि डिव्हाइस वेगळे ठेवा

ठिपका डिव्हाइस पाठवतं, म्हणून नोंदीत डिव्हाइसचा क्रमांक असू द्या. डिव्हाइस बिघडतं, एका गाडीतून काढून दुसरीत बसवलं जातं, गाडीची पुनर्नोंदणी होऊन क्रमांकच बदलतो. कोणतं डिव्हाइस कोणत्या गाडीत केव्हापासून केव्हापर्यंत होतं, याचं छोटं टेबल ठेवा आणि त्यात कालावधीसाठी रेंज प्रकार वापरा. एकाच डिव्हाइसचे दोन कालावधी एकमेकांवर चढू नयेत म्हणून एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावता येतो. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेंशन चालू करावं लागतं. हे टेबल काही हजार नोंदींचं असल्यानं जोडणीचा खर्च जाणवत नाही, आणि उशिरा आलेला ठिपका आपोआप त्या वेळच्या गाडीला लागतो.

मुख्य टेबलाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, डिव्हाइस आणि वेळ मिळून करा. दुबार नोंदी तिथेच अडतात, वेगळा आयडी लागत नाही, आणि 'या गाडीचा कालचा मार्ग' शोधायलाही हाच इंडेक्स कामी येतो. डिव्हाइस आधी, वेळ नंतर. हा क्रम उलटा करू नका.

## दिवसागणिक पार्टिशन

पोस्टग्रेस १० पासून पार्टिशन, म्हणजे एका मोठ्या टेबलाचे वेगवेगळे तुकडे, टेबल बनवतानाच जाहीर करता येतात. जुना डेटा डिलीट करून काढायचा म्हटलं तर कोट्यवधी मृत नोंदी मागे राहतात आणि त्या साफ करणारा व्हॅक्यूम तासन्‌तास फिरत राहतो. पार्टिशन असेल तर त्या दिवसाचं टेबल सोडवून ड्रॉप करायचं, काम क्षणात संपतं. पार्टिशनचा कॉलम प्रायमरी कीमध्ये असावा लागतो. आपल्या कीमध्ये वेळ आहेच.

आपल्या उदाहरणातल्या आकाराला एक दिवस म्हणजे एक पार्टिशन हे माप योग्य आहे. गाड्या पन्नास असतील तर महिन्याचं एक पुरे. काही हजार पार्टिशन झाली की क्वेरीचं नियोजनच जड होऊ लागतं, त्यामुळे उगाच बारीक तुकडे पाडू नका.

दिवसाची सीमा कुठे धरायची हे फार कमी जण ठरवून करतात. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो, आणि यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. तीच सीमा ठेवली तर भारतीय दिवसाचा प्रत्येक अहवाल दोन पार्टिशनमध्ये शिरतो. सीमा भारतीय मध्यरात्रीवर, म्हणजे आदल्या दिवशीच्या यूटीसी १८:३० ला ठेवा. आपल्याकडे घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाहीत, त्यामुळे ही सीमा वर्षभर पक्की राहते.

पुढच्या पंधरा दिवसांची पार्टिशन आधीच तयार असू द्या. पीजी-पार्टमन हे एक्स्टेंशन ते काम सांभाळतं. 'डिफॉल्ट' पार्टिशन मात्र मी ठेवत नाही. भलत्या तारखांच्या नोंदी त्यात साचतात, नवं पार्टिशन जोडताना पोस्टग्रेसला तो ढीग तपासावा लागतो, आणि काम न थांबवता पार्टिशन सोडवण्याची सोय, जी आवृत्ती १४ पासून आहे, ती डिफॉल्ट असेल तर मिळतच नाही. संशयित तारखा आपण आधीच वेगळ्या केल्या आहेत.

## नोंदी गठ्ठ्यानं भरा

एकेका ठिपक्याला एकेक इन्सर्ट (नोंद भरणं) आणि एकेक कमिट (ती पक्की करणं) करू नका. प्रत्येक कमिटला डिस्कपर्यंत जाऊन यावं लागतं. संदेश स्वीकारणारा प्रोग्रॅम नोंदी मेमरीत किंवा रांगेत जमवू दे, आणि एक सेकंद झाला किंवा हजार नोंदी झाल्या, यातलं जे आधी होईल तेव्हा एका व्यवहारात भरू दे.

सर्वांत जलद मार्ग 'कॉपी' हा आदेश आहे, पण तो दुबार नोंदी वगळू शकत नाही. एक जरी दुबार निघाली तर अख्खा गठ्ठा नाकारला जातो. म्हणून कॉपी आधी तात्पुरत्या टेबलात करायची आणि तिथून मुख्य टेबलात 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' लावून हलवायचं. 'सिंक्रोनस कमिट' हे सेटिंग फक्त या कामापुरतं बंद केलं तर वेग आणखी वाढतो. सर्व्हर अचानक बंद पडला तर शेवटच्या सेकंदाभराच्या आतल्या नोंदी जाऊ शकतात, पण डेटाबेस बिघडत नाही. ठिपक्यांसाठी मला हा सौदा मान्य आहे. इमर्जन्सी बटणाच्या नोंदींसाठी अजिबात मान्य नाही. त्या वेगळ्या टेबलात, लगेच आणि पूर्ण कमिटसह लिहाव्यात.

## 'आत्ता कुठे' साठी वेगळं टेबल

प्रत्येक डिव्हाइसची एकच नोंद असलेलं टेबल ठेवा. हजार गाड्या असतील तर हजार नोंदी, सगळं टेबल मेमरीत. नवा गठ्ठा आला की त्याच व्यवहारात हे टेबलही अद्ययावत करा, पण नवी वेळ जुन्या वेळेच्या पुढची असेल तरच. ही अट विसरली तर घाटातून उशिरा आलेले ठिपके नकाशावरची गाडी मागे ओढतात. एका गठ्ठ्यात एकाच डिव्हाइसच्या दोन नोंदी असल्या तर 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' त्रुटी देतो, म्हणून आधी 'डिस्टिंक्ट ऑन' वापरून प्रत्येक डिव्हाइसची सर्वांत ताजी नोंद निवडून घ्या.

या टेबलात नोंदी सतत बदलत असतात. त्याचा फिलफॅक्टर ५० ठेवा, म्हणजे पानं अर्धीच भरू द्या, आणि प्रायमरी की सोडून दुसरा इंडेक्स लावू नका. मग नवी आवृत्ती त्याच पानावर लिहिली जाते, इंडेक्सला हात लागत नाही आणि टेबल फुगत नाही.

## शेजार

आता मुख्य मुद्दा. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं असतं, त्यात आपल्या ६० बाइटच्या १३६ नोंदी बसतात. हजार गाड्या दर दहा सेकंदांनी बोलत असतील तर एका पानावर १३६ वेगवेगळ्या गाड्या येतात आणि तीच गाडी पुन्हा दिसायला सात-आठ पानं उलटावी लागतात. परिणामी एका गाडीच्या दिवसाच्या ८,६४० नोंदी ८,६४० वेगवेगळ्या पानांवर पसरलेल्या असतात. इंडेक्स त्या सगळ्यांचे पत्ते अचूक सांगतो, तरी जेमतेम अर्ध्या एमबीच्या माहितीसाठी डेटाबेसला सुमारे ७० एमबी वाचावे लागतात. त्याच नोंदी गाडीनुसार रचलेल्या असत्या तर ६४ पानं पुरली असती. वाचनालयात एका लेखकाची पुस्तकं एका फळीवर असणं आणि दालनभर विखुरलेली असणं, इतका हा फरक आहे. सूची दोन्हीकडे तितकीच चांगली असते.

ताज्या दोन-तीन दिवसांची पानं बहुधा मेमरीतच असतात, त्यामुळे त्यांना काही करू नका. दिवस संपून तीन दिवस झाले, उशिरा येणाऱ्या नोंदी बहुतेक येऊन गेल्या, की त्या पार्टिशनवर रात्री 'क्लस्टर', म्हणजे टेबल एखाद्या इंडेक्सच्या क्रमानं नव्यानं रचणारा आदेश, चालवा, प्रायमरी कीच्या क्रमानं, आणि लगेच 'अ‍ॅनालाइज'. क्लस्टर त्या पार्टिशनला पूर्ण कुलूप लावतो आणि किमान टेबल व त्याच्या इंडेक्सएवढी मोकळी जागा मागतो, पण अर्ध्या जीबीच्या बंद झालेल्या दिवसासाठी ही अडचण नाही. नंतर चुकून एखादी नोंद आलीच तर ती दुसऱ्या पानावर जाईल, एवढंच.

दुसरा मार्ग इंडेक्समध्येच अक्षांश, रेखांश आणि वेग 'इन्क्लूड' करण्याचा, जो आवृत्ती ११ पासून आहे. इंडेक्स मुळात गाडीनुसार रचलेला असल्यानं मूळ टेबलात न जाता उत्तर मिळतं. त्यासाठी व्हॅक्यूम नियमित व्हायला हवा. आवृत्ती १३ पासून फक्त भरती होणाऱ्या टेबलांवरही तो आपोआप चालतो. पण इंडेक्स जवळजवळ दीडपट होतो आणि लिहिण्याचा भार वाढतो, म्हणून माझी पसंती क्लस्टरला.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांना हा शेजार आपसूक मिळतो. त्याचं इनोडीबी इंजिन नोंदी प्रायमरी कीच्या क्रमानंच ठेवतं, त्यामुळे डिव्हाइस आणि वेळ अशी की दिली की काम झालं. तिथे आपोआप वाढणारा आयडी प्रायमरी की करणं मात्र ही देणगी परत करण्यासारखं आहे.

## उभी गाडी

रात्री बारा तास उभ्या असलेल्या गाडीचे ४,३२० ठिपके होतात आणि त्यातून काहीच कळत नाही. उलट नुकसान होतं, कारण जीपीएसचा ठिपका जागच्या जागी काही मीटर डुलत असतो. हे छोटे फरक बेरजेत घेतले तर न हललेली गाडी काही किलोमीटर चाललेली दिसते आणि डिझेलचा हिशोब चुकतो.

शक्य असेल तर डिव्हाइसच्याच सेटिंगमध्ये नियम घाला: ३० मीटर सरकली, १५ अंशांहून जास्त वळली किंवा पाच मिनिटं झाली, तरच ठिपका पाठव. पाच मिनिटांचा ठिपका काढू नका. तो नसेल तर गाडी उभी आहे की डिव्हाइस बंद पडलंय हे सांगता येणार नाही, आणि चोरीच्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न विचारला जातो. डिव्हाइसमध्ये सोय नसेल तर हीच चाळणी स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लावा.

रेषा साधी करण्यासाठी डग्लस-पॉयकर ही १९७३ ची पद्धत प्रसिद्ध आहे आणि पोस्टजीआयएसच्या 'एसटी सिम्प्लिफाय' मध्ये ती तयार मिळते. नकाशावर रेषा काढताना ती जरूर वापरा. साठवलेला इतिहास मात्र तिच्यानं छाटू नका. ती फक्त आकार पाहते, वेळ पाहत नाही, त्यामुळे सरळ रस्त्यावरचा वीस मिनिटांचा थांबा ती सहज पुसून टाकते.

## जुन्या दिवसांची घडी घाला

तीन महिन्यांपूर्वीच्या डेटात कोणी बदल करत नाही आणि तो क्वचितच वाचला जातो. तरीही प्रत्येक ठिपका २८ बाइटचं ओझं वागवत असतो. म्हणून एका डिव्हाइसचा साधारण एक तास एका नोंदीत बांधा. त्या नोंदीत डिव्हाइस, सुरुवातीची वेळ, सुरुवातीचे अक्षांश-रेखांश, त्या तासातले किमान आणि कमाल अक्षांश-रेखांश, आणि किमतींच्या याद्या म्हणून स्मॉलइंटचे चार अ‍ॅरे असतील: सुरुवातीपासूनचे सेकंद, अक्षांशातला मागच्या ठिपक्यापासूनचा फरक, रेखांशातला फरक, आणि वेग.

फरक अंशाच्या दशलक्षांश भागात घ्या, म्हणजे एका एककाला सुमारे ११ सेंटिमीटर. अक्षांश आधी त्या मापात गोल करायचे आणि फरक नंतर काढायचे, नाहीतर गोल करण्यातली चूक ठिपक्यागणिक साचत जाते. स्मॉलइंटमध्ये ३२,७६७ पर्यंतचा फरक मावतो, तो अक्षांशात साडेतीन किलोमीटरच्या वर जातो. दहा सेकंदांत कोणतीही गाडी तेवढं जात नाही, पण डिव्हाइस मधेच बंद होतं तेव्हा उडी मोठी असू शकते. अशी उडी दिसली की तिथून नवी नोंद सुरू करा. म्हणूनच की 'डिव्हाइस आणि तास' अशी न करता 'डिव्हाइस आणि सुरुवातीची वेळ' अशी करायची.

एका ठिपक्याला आता ८ बाइट लागतात. दिवसाच्या ५१८ एमबीच्या जागी सुमारे ७० एमबी, वर्षाच्या १८९ जीबीच्या जागी पंचवीस-सव्वीस जीबी, आणि इंडेक्समध्ये ८६ लाखांऐवजी साधारण २४ हजार नोंदी. साधारण २ केबीच्या पुढे गेलेली नोंद पोस्टग्रेस स्वतः दाबून ठेवतो. आवृत्ती १४ पासून त्यासाठी एलझेड४ निवडता येतो, तो उलगडायला जलद आहे. शेजाराचा प्रश्नही इथे उरत नाही, कारण अख्खा तास एकाच नोंदीत आहे.

वाचताना अ‍ॅरे 'अननेस्ट' करायचे, म्हणजे सुट्या ओळींत मांडायचे, क्रमांक लावून, आणि फरकांची चालती बेरीज घ्यायची. हे एका फंक्शनमध्ये किंवा व्ह्यूमध्ये लपवा, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्याला ठिपके पूर्वीसारखेच दिसतील. मूळ पार्टिशन ड्रॉप करण्याआधी घडी उलगडून प्रत्येक डिव्हाइसच्या नोंदींची संख्या, पहिली आणि शेवटची वेळ, आणि शेवटचा ठिपका जुळतो का हे तपासा. दिशा, उंची आणि बिट यांपैकी जे पुढे लागणार असेल ते घडीत घ्या. मी बिट नेहमी घेतो.

हे सगळं स्वतः लिहायला माणूस नसेल तर टाइमस्केलडीबी हे एक्स्टेंशन याच धर्तीचं काम करतं. त्यात दाबताना 'सेगमेंट बाय' मध्ये डिव्हाइस आणि 'ऑर्डर बाय' मध्ये वेळ द्यायची. होस्टिंग कंपनीच्या तयार पोस्टग्रेसवर ते चालतं का, हे आधी विचारून घ्या.

## 'त्या वेळी तिथे कोण होतं?'

समजा खेड शिवापूर टोलनाक्याजवळ सकाळी १०:०० ते १०:१० या वेळात कोणत्या गाड्या होत्या हे हवंय. क्लस्टर न केलेल्या ताज्या दिवसांवर वेळेचा ब्रिन इंडेक्स, म्हणजे पानांच्या प्रत्येक गटाची फक्त किमान-कमाल वेळ ठेवणारी छोटी सूची, लावा. नोंदी आलेल्या क्रमानं पडलेल्या असल्यानं तो काही केबीत मावतो आणि दहा मिनिटांच्या साठ हजार नोंदींपर्यंत थेट नेतो. त्यातून अक्षांश-रेखांशाच्या चौकटीतल्या नोंदी निवडणं क्षणाचं काम आहे. क्लस्टर केल्यावर वेळेचा क्रम मोडतो, मग हा ब्रिन ठेवून उपयोग नाही. तिथे डिव्हाइसची यादी घेऊन प्रत्येकाचे ते दहा मिनिट प्रायमरी कीनं शोधा. हजार छोटे शोधही काही सेकंदांत होतात.

घडी घातलेल्या डेटात किमान-कमाल चौकटीवर जिस्ट इंडेक्स (एकमेकांवर येणाऱ्या चौकटी शोधणारा) लावा आणि चौकट जुळेल तेवढ्याच नोंदी उलगडा. महामार्गावर तासाभराची चौकट साठ-सत्तर किलोमीटर लांब होते आणि नको असलेल्या बऱ्याच नोंदी हाती येतात. असे प्रश्न वारंवार येत असतील तर घडी एका तासाऐवजी पंधरा मिनिटांची करा. पोस्टजीआयएसमध्ये बिंदू बनवताना 'एसटी मेकपॉइंट' ला रेखांश आधी आणि अक्षांश नंतर द्यायचा असतो, हे या टप्प्यावर खूप जणांना नडतं.

## किती दिवस ठेवायचं

ट्रकचा माग म्हणजे चालकाचाही माग. रात्री गाडी कुठे उभी राहते यावरून त्याचं घर कळतं, रविवारी ती कुठे गेली यावरून आणखी बरंच काही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि व्यक्तीशी जोडता येणारा ठावठिकाणा हा वैयक्तिक डेटाच आहे. त्यामुळे 'जागा आहे तोवर ठेवू' हे उत्तर चालणार नाही. सविस्तर ठिपके किती दिवस, घडी किती महिने आणि रोजचे सारांश किती वर्षं, हे ग्राहकाशी लेखी ठरवा आणि पार्टिशन ड्रॉप करणारं काम त्या तारखांवर बांधा. बॅकअपनाही तेच वेळापत्रक लागू करा, नाहीतर काढलेला डेटा तिथे जिवंत राहतो.

## मोजणी

प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर 'एक्सप्लेन' हा आदेश 'अ‍ॅनालाइज' आणि 'बफर्स' या दोन्ही पर्यायांसह चालवा. वेळेपेक्षा बफरचा आकडा पाहा. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की पानं मेमरीत असतात आणि वेळ फसवी दिसते, पण किती पानं वाचली हा आकडा फसवत नाही. एका गाडीच्या एका दिवसासाठी तो क्लस्टरपूर्वी आठ हजारांच्या वर आणि क्लस्टरनंतर शंभराच्या आसपास, इंडेक्सची पानं धरून, दिसायला हवा. हजारांत अडकला असेल तर पार्टिशन चुकीचं निवडलं जातंय का आणि क्लस्टर खरंच प्रायमरी कीवर झालाय का, या दोन गोष्टी आधी पाहा. चाचणीसाठी पाच गाड्यांचा डेटा वापरू नका. पाच गाड्यांमध्ये प्रत्येक पानावर त्याच गाडीच्या सत्तावीस नोंदी असतात आणि शेजाराचा प्रश्न दिसतच नाही. हजार डिव्हाइसचे बनावट ठिपके वेळेच्या क्रमानं भरा, एक पूर्ण आठवडा, आणि मगच आकडे वाचा.